गोटी

“काका, दात सोडा,” छतातून आवाज आला आणि मी दचकलो. छतात स्पीकरची गोल जाळी होती, ती तोवर मला दिसलीच नव्हती. दात सोडा म्हणजे काय, मी काय कुणाला चावलो होतो? मग ध्यानात आलं की वरचे दात खालच्या दातांवर गच्च बसलेत आणि उजवीकडे कानापर्यंत ठणका लागलाय. मी जबडा सैल सोडला. म्हणजे सोडतोय असं स्वतःला सांगितलं. खोलीत एक आरामखुर्ची, तिच्यावर मी, अंगावर पांघरूण, मंद केलेला दिवा, आणि एवढं जड दार की उघडायला खांदा लावावा लागत होता. आत आल्या आल्या मी बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहिली होती. सवयच ती. माझा धंदा इमारती पाडण्याचा. भिंत ठोकली की मला कळतं आत काय आहे आणि ती पडायला किती दम लागेल. ह्या भिंतीत शिसं भरलेलं होतं. ती सुखासुखी पडली नसती, आणि ह्याचाही मला राग आला होता.

मशीनवाल्या मुलीनं सुई टोचताना सगळं नीट समजावलं होतं. बारीक चणीची, माझ्या मुलीच्या वयाची, हातात शिशाच्या नळकांड्यात घातलेली सिरिंज. “काका, ही साखर आहे. किरण सोडणारी साखर. शरीरात जिथं भूक जास्त, तिथं ती जाते. रोगाला भूक फार. पण जो स्नायू काम करेल तोही साखर खातो. म्हणून तासभर बोलायचं नाही, चावायचं नाही, मोबाइल नाही. बोललात तर जीभ खाईल, दात चावलेत तर जबडा खाईल, मग खरा चोर कोण ते आम्हाला दिसणार नाही.” मी मान हलवली. एवढं काय, तासभर गप्प पडायचं. पण ती गेली, दार बंद झालं, आणि पाच मिनिटांत माझ्या डोक्यात माणसं जमू लागली. रिकाम्या खोलीत मला एकटं बसवलं की असंच होतं. सगळ्यात आधी आला तो गेल्या महिन्यातला इंजिनिअर, ज्यानं नकाशात नसलेली टाकी खाली आहेच असं ठासून सांगत मला चार माणसांसमोर येडा ठरवलं होतं. मी मनातल्या मनात त्याची कॉलर धरली. त्याला स्लॅबच्या कडेला नेला, खाली लोंबणाऱ्या सळया दाखवल्या, आणि “बघ, आता मोज टाक्या,” असं म्हणून ढकलला. तो पडताना मला बरं वाटलं. मग वरच्या मजल्यावरचा शेजारी आला, तो रोज खुर्च्या ओढतो. त्याच्या मी खुर्च्या मोडल्या, मग त्या मोडलेल्या पायांनी त्यालाच झोडपला. मग गेल्या वर्षीचा तो दाढीवाला डॉक्टर, “साधा छाला आहे, मलम लावा” म्हणून ज्यानं मला तीन महिने खेळवलं. त्याच्या तोंडात मी मलमाची आख्खी ट्यूब पिळली, वर तळहात दाबून धरला, तो डोळे फिरवेपर्यंत. हे सगळं मी हात-पाय न हलवता करत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय शांत माणूस आहे. पण काचेपलीकडे ती पोर कॅमेऱ्यात बघत होती, आणि तिनं परत सांगितलं, “काका, दात.”

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गालाच्या आतला चट्टा कापून काढला, मग किरणांचा शेक दिला. शेकानं गालाचं चामडं झालं. तेव्हापासून तोंड दोन बोटं उघडतं, त्याच्या वर नाही. आता अक्कलदाढेच्या मागे खोल कुठंतरी दुखायला लागलं होतं. वरून काही दिसत नव्हतं. म्हणून हे नवीन मशीन. दोन महिन्यांपूर्वीच आलं होतं, भिंत फोडून आत घ्यावं लागलं म्हणे. मी विचारलं, कुणी फोडली? तर कुणीतरी दुसराच कॉन्ट्रॅक्टर. कडेचं काम अगदी गलथान केलं होतं, प्लास्टरमधून चीर अजून दिसत होती. तासाभरानं त्या पोरीनं मला मशीनच्या फळीवर निजवलं, डोकं पट्ट्यानं बांधलं आणि म्हणाली, “आता गाल फुगवा आणि तसेच धरून ठेवा. गाल हिरडीपासून सुटला पाहिजे, म्हणजे आतलं वेगवेगळं दिसतं.” पन्नाशी उलटलेला माणूस मी, ज्याच्या एका शिवीत पोकलेनवाला खाली उतरतो, आणि मी गाल फुगवून पडलो. शिवलेल्या बाजूनं हवा फुस्स करून जायची. पुन्हा फुगवायचो. बोगदा माझ्याभोवती गुरगुरत होता. मला हसू आलं असतं, पण हसण्याला स्नायू लागतो.

डॉक्टरच्या खोलीत त्याच दिवशी दुपारी बोलावलं. बायको बरोबर होती. ती नेहमी बरोबर असते आणि नेहमी अर्धं पाऊल मागे असते. सर्जन तरुण होता, नखं अगदी स्वच्छ कापलेली. त्यानं पडदा आमच्याकडे वळवला. काळ्या रंगात माझं डोकं होतं, आणि दोन्ही कानांच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यांवर, दोन पिवळे-लाल गोळे पेटलेले होते. इंगळासारखे. दोन? गालातला एक चोर, त्याचे दोन झाले? डॉक्टर काही बोलायच्या आत माझ्या मागून बायको म्हणाली, “अगबाई, ही तर गोटी.” डॉक्टरनं वर पाहिलं. ती त्याच्या टेबलाकडे सरकली आणि बोट पडद्याला लावून म्हणाली, “ही यांची गोटी आहे डॉक्टर. चिडले की इथं येते. दोन्हीकडं. आम्ही रोज बघतो.”

आमच्या घरात त्याला गोटी म्हणतात. मला ती कधी दिसली नाही. रागात असताना आरसा कोण बघतो? पण माझी मुलगी लहान असताना दाराच्या फटीतून बघायची आणि आत पळत जाऊन सांगायची, “आई, गोटी आली.” मग आई टेबलावरचं उचलायची. मी बूट काढेपर्यंत टेबल मोकळं झालेलं असायचं. तरी काहीतरी सापडायचंच. लग्नानंतर पहिल्या वर्षी काचेचे पेले आणले, ते भिंतीवर गेले. मग चिनी मातीच्या बशा आणल्या, त्यातली शेवटची मी अशी फेकली की तिचा तुकडा दिवाणाखाली वर्षभर सापडत राहिला. मग तिनं हळूहळू सगळं स्टीलचं केलं. मला कळलंही नाही. एकदा कुणी पाहुणा म्हणाला, तुमच्याकडे सगळं स्टीलचंच का हो, आणि ती म्हणाली, टिकतं. स्टील फेकलं की आवाज होतो नुसता, फुटत नाही, आणि फुटलं नाही की माझा राग अर्ध्यावर लटकतो, हे त्या बाईला ठाऊक होतं का नाही, देव जाणे. तिच्यावर हात मी एकदाच उचलला. ती म्हणते तीनदा. यावर ती भांडत नाही, नुसतं सांगते, तीनदा, आणि कुठं कुठं तेही सांगते. मुलगी लग्न होऊन लांब गेली. फोन येतो, पण तो आईला येतो. मी शेजारी बसलेलो असलो तर तिकडून ती विचारते, “कसे आहेत ते?” ते म्हणजे मी. तळपायाची आग मस्तकात जाते. पण फोन स्टीलचा नसतो, आणि तो तिच्या हातात असतो.

“म्हणजे रागीट आहेत?” डॉक्टरनं विचारलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “घरात काचेचं काही टिकत नाही.” डॉक्टरचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्याची मान मोडावीशी वाटली. ती मान नुसती दोन हातांत धरायची आणि फिरवायची, बाटलीचं झाकण फिरवतात तशी. आणि त्याच क्षणी बायको शांतपणे म्हणाली, “बघा, आता आली.” डॉक्टर माझ्या जबड्याकडे वाकून बघायला लागला. दोघंही बघत होते. असं उघडं मी आयुष्यात कधी पडलो नव्हतो.

मग त्यानं नीट सांगितलं, आणि ते मी नीट ऐकलं, कारण जिवाशी गाठ होती. डावीकडची गोटी म्हणजे नुसता स्नायू. उजवीकडेही स्नायू आहे, पण त्याच्या पोटात, हाडाला लागून, डॉक्टरला आणखी एक ठिपका असल्यासारखा वाटतोय. “जुन्या मशीनवर हे सगळं एक धुरकट डाग दिसलं असतं. ह्याच्यावर तांदळाएवढंही दिसतं. पण तुम्ही तासभर जबडा आवळून पडलात, त्यामुळं स्नायूच एवढा पेटलाय की त्याच्या उजेडात तो ठिपका खरा की भास ते मी छातीठोक सांगू शकत नाही.” मी म्हटलं, सुई घालून बघा. तो म्हणाला, “तोंड उघडत नाही, बाहेरून जागा अडचणीची. सुई एवढ्याशा ठिपक्यावरून हुकली तर रिपोर्ट येईल काही नाही म्हणून, आणि आपण गाफील राहू.” आणि खरा असला तर? त्यानं स्वतःच्या गालावर बोटानं रेघ ओढली, कानाखालून हनुवटीपर्यंत. उजवा खालचा जबडा काढायचा, स्नायूसकट. पायाचं हाड काढून तिथं बसवायचं. “साप साप म्हणून भुई धोपटायची मला इच्छा नाही,” तो म्हणाला. “पुढच्या आठवड्यात परत एकदा. स्नायू सैल पडायची गोळी देतो. पण गोळी अर्धंच काम करते. बाकीचं तुम्ही करायचं. एक तास राग न येता पडायचं.”

बाहेर आलो आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. उड्या माराव्यात असा आनंद. रागच आहे तो! दुसरं काही नाही, माझा राग आहे! उभ्या जन्मात माझ्या रागानं कुणाचं भलं केलं नव्हतं, आणि आता तोच माझ्या गालात बसून म्हणत होता, हा मी, घाबरू नकोस. टॅक्सीत बायको खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, “बघितलंस? राग आहे नुसता.” ती म्हणाली, “हूं.” “नुसता राग आहे असं डॉक्टरच म्हणाला.” ती म्हणाली, “डॉक्टर म्हणाले, असेल.” मी दातओठ खाल्ले, आणि खाल्ले ते कळलं, आणि तोंड उघडून बसलो. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला, हा माणूस तोंड उघडं टाकून का बसलाय म्हणून. त्याला वाटलं ओकतोय की काय. त्यानं गाडी बाजूला घेतली.

त्या आठवड्यात मी राग न येण्याचा सराव केला. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण केला. आमचं काम एका जुन्या चार मजली कापडाच्या गोदामावर चालू होतं. पाडण्यात एक शिस्त असते. आधी दारं-खिडक्या, मग आतल्या भिंती, मग वरून एकेक स्लॅब, आणि कॉलम सगळ्यात शेवटी. कॉलम आधी मारला तर इमारत तुमचं ऐकत नाही, तिला वाटेल तिकडे ती पडते. आणि ब्रेकरवाल्या टकल्यानं, सोळा वेळा सांगूनही, भार उतरायच्या आत कोपऱ्यातल्या कॉलमला ब्रेकर लावला. कड्‌कन आवाज झाला. तिसऱ्या मजल्याचा कोपरा खाली आला, त्याच्याखाली अर्ध्या मिनिटापूर्वी दोन माणसं बसलेली होती. धुरळा बसल्यावर सगळे माझ्याकडे बघत उभे. टकल्यानं हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं, आता हे हातातला पाना माझ्या डोक्यात घालतील अशा तयारीनं. आणि मला तो घालायचाच होता. त्याची टाळू मला स्पष्ट दिसत होती. मी हातातला पाना खाली ठेवला, तोंड थोडं उघडं ठेवलं, जीभ खालच्या दातांमागे टेकवली, मशीनवाल्या पोरीनं फोनवर सांगितलं होतं तसं, आणि म्हणालो, “परत असं करू नकोस.” टकल्या गडबडला. “मुकादम,” तो म्हणाला, “बरं वाटत नाही का?” दुसरा म्हणाला, “पाणी आणू?” शिव्या खाऊन हे लोक कामाला लागतात, आणि माझ्या शांतपणानं दिवसभर कुणाचा हात चालेना. दोघं तर संध्याकाळी वेगळं काम बघायला गेले असं कानावर आलं. घरी आलो तर बायकोनं सवयीनं टेबल मोकळं केलं होतं. मी बसलो. ती उभी राहिली. आमच्या दोघांच्या मधे रिकामं टेबल होतं, आणि आता त्याचं काय करायचं हे दोघांनाही कळेना.

दुसऱ्या खेपेला गोळी घेतली, सुई घेतली, तीच खोली. पोर म्हणाली, “काका, आज झकास करायचं,” आणि गेली. मी डोळे मिटले. आणि आले, सगळे आले. इंजिनिअर आला, शेजारी आला, मलमवाला आला, फोनमधला तो ‘ते’ आला. पण मी ठरवून आलो होतो. ह्यांना मारायचं नाही, ह्यांना उतरवायचं, वरून, एकेक. इंजिनिअरला म्हटलं, जा बाबा, टाकी होती, तुझं बरोबर. तो गेला. शेजाऱ्याला म्हटलं, ओढ खुर्च्या. मलमवाल्याशी वेळ लागला. मलमवाल्याचा स्लॅब जाड होता, त्याच्या आत तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत चट्टा नखाएवढ्याचा अंगठ्याएवढा झाला होता. पण तोही उतरला. मुलीपाशी आलो तेव्हा जबडा आपोआप आवळला. मी जीभ टेकवून पडून राहिलो, तिला काही म्हटलं नाही, ती फटीतून बघत होती तशी बघू दिली, आणि थोड्या वेळानं ती दारातून बाजूला झाली. आणि मग खाली बाप उभा होता.

बाप ट्रक चालवायचा. घरी आला की कंबरेचा पट्टा काढत नसे, ट्रकचा जुना फॅन बेल्ट दाराच्या खिळ्याला टांगलेला असे, तो घ्यायचा. रबरी, दाते असलेला. त्याचे वळ चामड्याच्या पट्ट्यासारखे लांब येत नाहीत, जाळीजाळीचे येतात. मारण्याला कारण लागायचं नाही, मालाला उशीर झाला, टायर फुटला, काहीही. मला भिंतीशी उभं करायचा, तोंड भिंतीकडे, आणि म्हणायचा, “तोंडातून ब्र काढलास तर दुप्पट.” आई पलीकडच्या खोलीत असायची आणि तिकडूनही आवाज यायचा नाही, तिलाही तोच नियम असणार. पहिला फटका बसला की तोंडातून आवाज येऊ नये म्हणून मी दात आवळायचो. दुसऱ्याला आणखी. भिंतीचा चुना माझ्या नाकाला लागायचा. पाठ जळत असायची, पण सगळा जीव जबड्यात एकवटलेला. एकदा मागची दाढ पिचली तशीच आवळताना, तिचा तुकडा मी गिळला. आवाज काढला नाही. बाप दमला की मागं सरायचा आणि म्हणायचा, “शाबास.” त्या शाबासकीसाठी मी त्याला जिवंत जाळला असता. ट्रकमध्ये बांधून, डिझेल ओतून. रात्रंदिवस मी तो जाळत असे. तो शेवटी बिछान्यात म्हातारा होऊन मेला, आणि मी खांदा दिला, आणि तेव्हाही दात आवळलेले होते, लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. शिशाच्या खोलीत मी पुन्हा त्या भिंतीशी उभा राहिलो. बेल्ट वर गेला. आणि मी तोंड उघडं ठेवलं. फटका बसला आणि माझ्या तोंडातून आवाज आला. खरोखरचा, त्या खोलीत. “आई गं,” असा, बारीक, पोराचा आवाज. छतातून लगेच ती पोर म्हणाली, “काका, बोलायचं नाही हं.” आणि मग, जरा थांबून, “काही होतंय का?” मी मान हलवली. लाळ गळ्यावर आली होती, ती पुसली नाही. दुप्पट मार बसला नाही. कुणी आलंच नाही. मी भिंतीशी थोडा वेळ वाट बघितली आणि मग, गोळीचा गुण म्हणा की काय, झोप लागली. पोरीनं मला हलवून उठवलं तेव्हा मला कळेना मी कुठल्या घरात आहे.

“सुरेख,” सर्जन म्हणाला. “इतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं. तुम्ही कमाल केलीत.” पडद्यावर माझं डोकं होतं. डावीकडे काळोख. दोन्ही इंगळ विझले होते. आणि उजवीकडे, हाडाला चिकटून, काळोखात एकच ठिपका होता, टोकदार, स्वच्छ, पिवळा. बायकोनं विचारलं, “गोटी कुठं गेली?” “गोटी गेली,” डॉक्टर म्हणाला. “हा राहिला.” त्याला बोलायला जड जात होतं, ते दिसत होतं. मागच्या वेळी त्याची मान मोडावीशी वाटली होती, आज त्याची कीव आली. तो म्हणाला, आधी ऑपरेशनमध्येच तुकडा काढून तिथल्या तिथं तपासू, खात्री झाली तरच पुढे. अजून लहान आहे, वेळेत सापडलाय, हे मशीन नसतं तर सहा महिन्यांनी कळलं असतं, तेव्हा हातात काही उरलं नसतं. सगळं खरं होतं. मी ऐकत होतो आणि माझ्या आत काहीच हलत नव्हतं. एका जागी उभी असलेली इमारत आतून सगळी उतरवून झाली की ती बाहेरून उभीच दिसते, पण वारा आरपार जातो. तसा वारा जात होता. मी म्हणालो, “राहू द्या डॉक्टर.” “काय राहू द्या?” “कापाकापी. खूप झालं. आहे तसं राहू द्या.” आणि उठलो. नमस्कार केला. दार हळू लावलं.

बाहेर लांब कॉरिडॉर, भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर माणसं आपापल्या फायली मांडीवर घेऊन बसलेली. मी लिफ्टकडे चाललो होतो. मागून धावत पावलं आली आणि माझ्या पाठीत काहीतरी बसलं. वळलो तर बायको. तिच्या हातात तिची पिशवी होती, आणि पिशवीत पाण्याची भरलेली बाटली. तिनं ती पुन्हा फिरवली, ती माझ्या बरगडीवर बसली. “राहू द्या?” ती म्हणाली. “राहू द्या?” तिसऱ्यांदा खांद्यावर. मग पिशवी टाकली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. तिच्या मुठी लहान आहेत, पण हाडं लागत होती. “ये ना राग! ये ना आता! कुठं गेला तुझा राग? इतकी वर्षं घरात वाघ पाळला, बशा फोडल्या, पोर पळवून लावलीस, मला तीनदा मारलंस, आणि आता जीव वाचवायची वेळ आली तर राहू द्या? आता चीड! ह्या भिंती फोड! त्या डॉक्टरला म्हण, काप, काय कापायचं ते काप, पण मी मरणार नाही! म्हण ना! म्हण रे!” तिनं मला उभ्या आयुष्यात अरे-तुरे केलं नव्हतं. केस सुटले होते, नाक वाहत होतं. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. एक पहारेकरी पळत आला आणि तिचे हात धरायला बघू लागला, “बाई, मारताय काय माणसाला?” ती त्याच्यावर अशी गरजली की तो दोन पावलं मागं गेला. “माझा नवरा आहे. बाजूला हो.” आणि पुन्हा माझ्या छातीवर.

मी राग शोधला. खोटं सांगत नाही, तिच्यासाठी शोधला. जिथं तो नेहमी तयार असतो तिथं हात घातला. बापाला आणलं, बेल्ट आणला, टकल्याची टाळू आणली. ती माणसं आली आणि नुसती उभी राहिली, दमलेली. जबडा ढिला पडलेला, त्यात काही भरेना. आणि त्या रिकाम्या जागेत जे होतं ते मला कळलं, ते लहानपणापासून तिथंच होतं, रागाच्या खाली दबलेलं. ती भीती होती. कापण्याची, हाड काढण्याची, अर्ध्या तोंडानं जेवण्याची, पोरीनं मला तसं बघण्याची, आणि न बघण्याची. “भीती वाटते गं,” मी म्हणालो. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. “फार भीती वाटते.” तिच्या मुठी माझ्या शर्टाला धरून थांबल्या. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, जशी ती आयुष्यभर बघत आली होती, आता काय येतंय ते पाहायला. मग शर्ट सोडला, केस मागं सारले, पिशवी उचलली.

“वाटू दे,” ती म्हणाली. “तुम्ही भ्या. राग मी करते.” आणि मागं वळून चालायला लागली, भराभर, आणि मी तिच्या अर्धं पाऊल मागून. डॉक्टरच्या दारावर तिनं टकटक केली नाही, दोन्ही हातांनी ढकललं. आत दुसरं कुणी बसलेलं होतं. “जरा बाहेर बसा,” ती त्याला म्हणाली, “आमचं राहिलंय,” आणि तो माणूस खरंच उठून बाहेर गेला. तिनं टेबलावर तळहात आपटला. “तारीख द्या. लवकरातली लवकर.” डॉक्टरनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला पेशंटच्या तोंडून ऐकायचं होतं. “तुमचं काय म्हणणं आहे?”

“तिला विचारा,” मी म्हणालो. ती अजून धापा टाकत होती.